तुरुंगाच्या दारातले कागद

१९६५ साली मुंबई उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींवर एका मराठी विज्ञानपुस्तकाची अनुक्रमणिका वाचायची वेळ आली. पुस्तक छापलेलं नव्हतं, हस्तलिखित होतं. नाव ‘अणूच्या अंतरंगात’. लेखक प्रभाकर पांडुरंग संझगिरी, मुक्काम आर्थर रोड तुरुंग. अनुक्रमणिका चाळून न्यायमूर्तींनी नोंदवलं की पुस्तकात अणूच्या पोटातल्या मूलकणांची चर्चा आहे, ती वस्तुनिष्ठ आहे आणि तिच्यात राजकारणाची भेसळ नाही. थोडक्यात, या पुस्तकाने देशाच्या संरक्षणाला धोका पोहोचण्याची सुतराम शक्यता नाही.

गंमत अशी, की धोका आहे असं सरकारही म्हणत नव्हतं. पुस्तक घातक आहे, त्यात सांकेतिक भाषा आहे, ते छापलं तर दंगा होईल, असलं काहीही महाराष्ट्र सरकारच्या प्रतिज्ञापत्रात नव्हतं. त्यात होतं ते एवढंच : स्थानबद्धाला पुस्तक प्रसिद्ध करू द्यायला कायद्याने आम्ही बांधलेले नाही.

या एका वाक्याभोवती हे प्रकरण फिरतं. तुरुंगाच्या दारातून कोणता कागद बाहेर जाईल आणि कोणता आत येईल, हे ठरवायचं कुणी? माणूस एकदा आत गेला की त्याचं सगळंच जप्त होतं आणि मग सरकार आपल्या मर्जीने त्यातलं थोडंथोडं परत देतं, की कायद्याने जेवढं काढून घेतलं तेवढंच जातं आणि उरलेलं त्याचंच राहतं? ‘सरकार परवानगी देतं’ आणि ‘सरकारला अडवता येत नाही’ या दोन वाक्यांचा शेवट बऱ्याचदा एकच होतो, कागद दोन्हीकडे बाहेर जातो. म्हणून त्यांतला फरक सहसा लक्षात येत नाही. तो लक्षात येतो सरकारची मर्जी फिरते तेव्हा.

मराठी माणसाला तुरुंगातली पुस्तकं नवीन नाहीत. विनोबांची गीता-प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्याआधी टिळकांचं ‘गीतारहस्य’ मंडालेत झालं. मंडालेचा तपशील इथे कामाचा आहे. तिथे टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानं मोजलेल्या बांधीव वह्या मिळत, आणि लिहायला शाई नाही, पेन्सिल. १९१४ च्या जूनमध्ये ते सुटले, पण वह्या त्यांच्याबरोबर सुटल्या नाहीत. काही काळ त्या सरकारच्याच ताब्यात राहिल्या. मग परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून झाला. वह्या परत मिळाल्या हे आपलं नशीब. मिळाल्या नसत्या, तर कोणत्या कायद्याखाली टिळक त्या मागणार होते?

पन्नास वर्षांनी संझगिरींपाशी तो कायदा होता. निदान कागदावर तरी होता.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण कायद्याचा वटहुकूम निघाला. त्याखालच्या नियमांनी सरकारला कुणालाही खटला न चालवता स्थानबद्ध करता येत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला देशभर कम्युनिस्टांची धरपकड झाली. संझगिरींवरचा आदेश ७ नोव्हेंबर १९६२ चा आहे. ते पुढे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे महाराष्ट्रातले ज्येष्ठ नेते म्हणून ओळखले गेले, आणि मराठीत सोप्या भाषेत लिहिणारे लेखक म्हणूनही. 

लढाई महिनाभरात, २१ नोव्हेंबरला थांबली. आणीबाणी थांबली नाही. ती उठली १९६८ च्या जानेवारीत.

तुरुंगात संझगिरींनी पुस्तक लिहिलं ते चोरून नव्हे, सरकारच्या परवानगीने. १९६४ च्या सप्टेंबरात त्यांनी अर्ज केला : हस्तलिखित बाहेर पाठवू द्या, छापायचं आहे. सरकारने सहा महिने घेतले आणि २७ मार्च १९६५ च्या पत्राने नकार कळवला. मग त्यांनी तुरुंगाच्या अधीक्षकाकडे अर्ज केला. तिथेही नकार. लिहायला परवानगी, पाठवायला नाही. जणू वही भरत जावी आणि कोठडीतच राहावी, एवढ्यासाठीच ती दिली होती. तेव्हा संझगिरी उच्च न्यायालयात गेले.

इथे एक अडचण होती. आणीबाणी आली की घटनेच्या कलम ३५९ खाली राष्ट्रपती आदेश काढून काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जायची वाट बंद करू शकतात. हक्क कागदावर राहतो, पण त्याच्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावता येत नाही. ३ नोव्हेंबर १९६२ ला असा आदेश निघाला होता आणि त्यात कलम २१ होतं, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क. मग संझगिरी दार ठोठावणार कसे?

उत्तर त्या आदेशाच्याच शब्दांत होतं. आदेशात सरळ असं लिहिलं नव्हतं की कलम २१ साठी कुणीही न्यायालयात जाऊ नये. लिहिलं होतं ते असं : त्या माणसाचा हक्क भारत संरक्षण वटहुकुमाखाली, किंवा त्याखालच्या नियमाने वा आदेशाने हिरावला गेला असेल, तर त्याला न्यायालयात जाता येणार नाही. ‘असेल, तर’. सगळी गाडी या दोन शब्दांवर अडली. १९६३ साली माखनसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी या फटीची मोजदाद आधीच करून ठेवली होती. दार सरसकट बंद नाही. जी कृती या कायद्याच्या चौकटीत बसते, तिच्यापुरतंच ते बंद आहे.

मग पुढचा प्रश्न अगदी साधा होता. हस्तलिखित अडवायचं, असं कोणत्या नियमात लिहिलं आहे?

कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्थानबद्धाचा निर्वाह, शिस्त आणि शिस्तभंगाची शिक्षा यांच्या अटी ठरवायचा अधिकार सरकारला होता. त्यासाठी मुंबई राज्याचा १९५१ चा स्थानबद्धतेच्या अटींचा आदेश लावला गेला होता. त्या आदेशात पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याबद्दल चकार शब्द नव्हता, ना परवानगीचा, ना मनाईचा.

उच्च न्यायालयाचा निकाल संझगिरींच्या बाजूने लागला आणि सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलांनी या मौनाचा अर्थ आपल्या बाजूने लावला. माणूस स्थानबद्ध झाला की त्याचं स्वातंत्र्य संपलं. आता त्याला मिळतात त्या सवलती, आणि सवलतींच्या यादीत पुस्तक पाठवणं नाही. म्हणून ते त्याला मिळणार नाही.

न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी याला दिलेलं उत्तर मला या सगळ्या इतिहासातल्या सर्वांत रोखठोक युक्तिवादांपैकी एक वाटतं. त्यांनी म्हटलं, हे मान्य करायचं तर अटींमध्ये जेवणाचा उल्लेख राहून गेला तर स्थानबद्धाला उपाशी मारायलाही हरकत राहणार नाही. त्या अटी म्हणजे सरकारने दिलेल्या सवलती नव्हेत. स्वातंत्र्यावर किती बंधनं घालता येतील त्याच्या त्या मर्यादा आहेत. जे बंधन अटींमध्ये नाही, ते घालायचा अधिकार नाही. अधिकार नाही, म्हणजे ते भारत संरक्षण कायद्याखालचं बंधन नाही. आणि कायद्याखालचं नाही, म्हणून राष्ट्रपतींचा आदेश त्याला झाकत नाही. दार उघडं. सरकारचं अपील फेटाळलं गेलं. हस्तलिखित बाहेर पाठवू देणं भाग होतं.

यात यादी उलटी वाचली गेली आहे. सरकार म्हणत होतं, यादीत आहे तेवढं तुझं. न्यायालय म्हणालं, यादीत आहे तेवढंच गेलं.

तारीख पाहण्यासारखी आहे : ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्याने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने आघाडी उघडली. युद्ध पेटलेल्या त्या दिवशी देशाचं सर्वोच्च न्यायालय, आधीच्या युद्धात पकडलेल्या एका कम्युनिस्टाची अणूवरची मराठी वही तुरुंगाबाहेर जाऊ द्या, असं सांगत होतं.

तरी या निकालाचा फार उदोउदो करायचं मी टाळतो. सुब्बा रावांनी ‘तुरुंगातल्या माणसाला पुस्तक छापायचा हक्क आहे’ असं म्हटलेलं नाही. सरकारने मनाईचा नियम केलेला नाही, एवढंच म्हटलं. उद्या सरकारने तसा नियम केला असता, तर? आणि राष्ट्रपतींच्या आदेशातून ‘असेल, तर’ हे शब्दच काढून टाकले, तर?

दुसऱ्या ‘तर’चं उत्तर दहा वर्षांत मिळालं.

नव्या आणीबाणीतला, २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश कुणीतरी १९६२ चा आदेश शेजारी ठेवून लिहिलेला वाटतो. अट गायब. कलम १४, २१ आणि २२ साठी कुणालाही न्यायालयात जाता येणार नाही, विषय संपला. देशभरच्या मिसाबंद्यांनी, म्हणजे ‘मिसा’ या कायद्याखाली खटल्याविना कोंडलेल्यांनी, तरी अर्ज केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकून घ्यायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘जबलपूरचे अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावाने आहे. बोलताना वकील मंडळी नुसतं ‘एडीएम जबलपूर’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली येतो.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं : कलम २१ मध्ये जीवितही आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर त्यावरही उपाय नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. डे यांनी युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, एवढ्या प्रामाणिकपणाचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्या उत्तरानंतर तरी पाचही न्यायमूर्ती दचकतील असं वाटावं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक, सरकारच्या बाजूने. न्यायमूर्ती बेग यांनी लिहिलं की स्थानबद्धांची खाण्यापिण्याची, राहण्याची जी काळजी सरकार घेतं, ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. दार ठोठावायला आलेल्यांना आई दाखवून परत पाठवण्यात आलं.

बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते, पुण्याचे. याच चंद्रचूडांनी १९७४ साली भुवन मोहन पटनाईक खटल्यात, विशाखापट्टणमच्या तुरुंगातल्या नक्षलवादी कैद्यांच्या अर्जावर, लिहिलं होतं की शिक्षा झाली एवढ्याने माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. दोन वर्षांत एकाच लेखणीतून हे दोन्ही निकाल उतरले. मला याचं समाधानकारक स्पष्टीकरण कधी सापडलं नाही.

खन्ना एकटे राहिले. त्यांचं म्हणणं : माणसाचं जीवित आणि स्वातंत्र्य ही घटनेने दिलेली देणगी नव्हे. कलम २१ लिहिलं नसतं, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाला कोंडायचा अधिकार राज्याला आला नसता. पाहिलं तर ही सुब्बा रावांचीच यादी आहे, फक्त आता ती अटींच्या आदेशापुरती उरली नव्हती. संपूर्ण घटनेलाच लावून वाचली होती. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

त्याच जानेवारीत संझगिरी निकालाचाही हिशेब झाला. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिसाबंद्यांनी सुटका मागितली नव्हती. आम्हाला कोणत्या अटींत ठेवता तेवढं तपासा, असं ते म्हणत होते, आणि उच्च न्यायालयांनी त्यांचं ऐकलं होतं. भानुदास कृष्ण गावडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेही दार लावलं. संझगिरींचा आधार? तो १९६२ च्या सशर्त आदेशापुरता होता; हा आदेश बिनशर्त आहे. निकाल २५ जानेवारीचा. त्याच्या आठवडाभर आधी, १८ जानेवारीला, इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या होत्या.

पुढच्या दुरुस्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगतो. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरलं की आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठीची न्यायालयाची वाट बंद करता येणार नाही. त्याच वर्षी मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने म्हटलं की नुसता नियम असून भागत नाही, तो न्याय्य आणि वाजवीही हवा. संझगिरी निकालात राहिलेला पहिला ‘तर’ असा बुजला. एडीएम जबलपूरचा निकाल औपचारिकपणे रद्द व्हायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. खासगीपणाच्या हक्काच्या त्या निकालात वडिलांचं मत चुकीचं होतं असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. आणि व्यक्तिस्वातंत्र्यात खासगीपणा येतो, हे खडकसिंग खटल्यात १९६२ सालीच सांगून अल्पमतात गेलेले न्यायमूर्ती होते सुब्बा राव.

पण मला पुन्हा तुरुंगाच्या दाराशी यायचं आहे. बाहेर जाणाऱ्या कागदाचा प्रश्न संझगिरींनी लढवला. आत येणाऱ्या कागदाचं काय?

एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १७ ऑगस्ट १९७८. विद्यापीठाच्या पदव्या बनावट करण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा होता. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली. आरोपीला सर्वोच्च न्यायालयात जायचं, तर उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत हवी. प्रत त्याच्यासाठी येरवड्याच्या अधीक्षकांकडे धाडली गेली होती. त्याच्या हाती ती पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाचं म्हणणं असं, की दिली होती, पण दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. पोच? पोच नव्हती. चार वर्षांहून जास्त उशिराने तो न्यायालयात पोहोचला तेव्हा पूर्ण शिक्षा भोगून झाली होती.

अपिलात दम नव्हता, ते फेटाळलंच गेलं. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर त्या न पोहोचलेल्या कागदापाशी थांबले. अपिलाचा हक्क आणि निकालाची प्रत नाही, म्हणजे विहीर आहे आणि पोहरा नाही. त्यांनी ठरवून दिलं : तुरुंगात असलेल्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, तुरुंगामार्फत दिली तर कैद्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील करायची ऐपत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. सहीची पोच ही बाब कारकुनी वाटते. चार वर्षं गेली ती तिच्या अभावी.

पुढच्याच वर्षी तिहारमधून एक पत्र बाहेर आलं. फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा यांनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लिहिलं होतं, आणि स्वतःसाठी नव्हे. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी वॉर्डरने दुसऱ्याच एका कैद्याला छळलं होतं, त्याबद्दल. ना मुद्रांक, ना प्रतिज्ञापत्र, ना वकील. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानलं.

मुंबईचं पत्र शीला बारसे या पत्रकारबाईंचं. १९८२ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी ते सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. आरमायती देसाई यांना तुरुंगात पाठवून खातरजमा करून घेतली. १५ फेब्रुवारी १९८३ चा न्यायमूर्ती भगवती यांचा निकाल तत्त्वज्ञानात फार शिरत नाही. तो सरळ कामाची यादी देतो : बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्यावर महिला शिपाई, चौकशी महिला पोलिसासमोरच.

त्या यादीत एक कलम कागदाचं आहे. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक महाराष्ट्र सरकारने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापायचं, आणि प्रत्येक पोलीस ठाण्यातल्या प्रत्येक कोठडीत एक-एक चिकटवायचं. न्यायालयाला हेही ठाऊक होतं, की कोठडीत येणाऱ्या सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. म्हणून पुढे लिहिलं आहे की आरोपीला ठाण्यावर आणल्याबरोबर, या तीनपैकी जी भाषा त्याला समजते तीत, ते पत्रक त्याला वाचून दाखवायचं.